गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंत : सौर पॅनेलच्या जोडणीविषयी

घरावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार करणारे बहुतेक लोक दोनच प्रश्न विचारतात : पॅनेल कोणत्या कंपनीचे घ्यावे आणि पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर कोणता घ्यावा. या दोन वस्तूंवरच सगळा मोठा खर्च होतो, हमीपत्रेही त्यांचीच असतात, तेव्हा प्रश्न साहजिक आहेत. मात्र पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्याच्या निमित्ताने आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या आग्रहाखातर मी ज्या गच्च्या व शेतातले सौरपंप पाहत आलो, तिथे बिघाडाची जागा बहुधा या दोहोंच्या मध्ये सापडली. कुठे अर्धवट दाबलेला कनेक्टर, कुठे सैल राहिलेला टर्मिनलचा स्क्रू, कुठे हौसेने जादा जोडलेले एक पॅनेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आणि ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले, तेव्हापासून हे काम गल्लोगल्ली चालले आहे. म्हणून या मधल्या भागाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी पॅनेलचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. सध्या सर्रास मिळणाऱ्या ५५० वॉटच्या पॅनेलच्या मागची चिठ्ठी वाचली, तर साधारण असे आकडे दिसतात : काहीही न जोडता मोजलेले व्होल्टेज सुमारे ४९.८, सर्वाधिक शक्ती मिळते तिथले व्होल्टेज ४१.८ आणि प्रवाह १३.१६ अँपिअर, तर दोन्ही टोके एकमेकांना जोडल्यास, म्हणजे शॉर्ट सर्किट केल्यास, प्रवाह १३.९ अँपिअर. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शॉर्ट सर्किट झाल्यावरही पॅनेल नेहमीच्या प्रवाहापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्केच जास्त प्रवाह देते. घरातल्या वायरिंगमध्ये शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर वाहतात आणि क्षणात एमसीबी पडतो, ही आपली आयुष्यभराची सवय. गच्चीवर ती उपयोगाची नाही, कारण एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या ओळीत, शॉर्ट झाला तर फ्यूजला काही वेगळे घडले आहे हे कळणारच नाही. शिवाय ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. खालचा मेन स्विच पाडला तरी वरच्या सहा पॅनेलच्या ओळीच्या टोकांवर ३०० व्होल्ट उभेच असतात.

त्यात हा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. आपल्या घरातला ५० हर्ट्झचा एसी प्रवाह दिशा बदलताना सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी सहसा आपोआप विझते. डीसीमध्ये असा शून्याचा क्षण येत नाही. ३०० व्होल्टच्या स्ट्रिंगमधला सांधा चालू प्रवाहात किंचित उघडला, तर त्या फटीत पेटलेला आर्क, म्हणजे विजेची ज्योत, टिकून राहतो आणि त्याच्या उष्णतेपुढे प्लॅस्टिकच काय, तांबेही वितळते. कनेक्टरवर ‘लोड असताना उघडू नका’ अशी जी बारीक अक्षरे कोरलेली असतात, ती याचसाठी. बंद करण्याचा क्रम म्हणूनच ठरलेला आहे : आधी एसी बाजूचा एमसीबी पाडून इन्व्हर्टर थांबवायचा, मग डीसी स्विच, प्रवाह शून्य झाल्याची चिमटा-मीटरने खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टरला हात. त्यापुढेही इन्व्हर्टरचे झाकण उघडायचे असेल, तर आतले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत त्यावर लिहिलेली मिनिटे थांबायचे.

आता प्रत्यक्ष कनेक्टरकडे येऊ. आपण ज्याला सरसकट एमसी-४ म्हणतो, तो मूळचा मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीचा. आज ती कंपनी स्टॉब्ली या नावाने ओळखली जाते, आणि नावातला ४ हा आतल्या पिनेचा मिलिमीटरमधला व्यास आहे. चांगल्या जोडणीत या सांध्याचा रोध एक मिलिओहमच्या पावपट असतो. त्यातून १३ अँपिअर वाहिले, तर सांध्यात तयार होणारी उष्णता ०.०४ वॉट, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. हाच रोध ओलाव्याने, धुळीने किंवा वाईट क्रिम्पिंगने (तार पिनेत दाबून बसवण्याने) ५० मिलिओहमवर गेला, तर अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत साडेआठ वॉट उष्णता कोंडली जाते. पूर्ण संचाच्या उत्पादनात एवढ्याने काही फरक पडत नाही, त्यामुळे मोबाइलवरच्या ॲपमध्ये आलेख सुरेखच दिसत राहतो. कनेक्टर मात्र रोज दुपारी तापतो आणि रात्री निवतो. त्यात आतली स्प्रिंग ढिली पडते, रोध वाढतो, तो आणखी तापतो. दुपारी बाराच्या सुमारास थर्मल कॅमेरा फिरवल्यावर एका रांगेतले सगळे सांधे सारखे आणि एकच पांढरा फटफटीत दिसला, तर त्याची रवानगी त्याच दिवशी भंगारात करावी. तो साफ करून पुन्हा बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

क्रिम्पिंगचे काम मी अनेकदा शेजारी बसून पाहिले आहे आणि कामगाराचा हात ओळखायला तेवढे पुरते. चांगला माणूस केबलचे आवरण साधारण सात मिलिमीटर सोलतो. एकही तार तुटू देत नाही, सगळ्या तारा पिनेच्या पाकळ्यांत बसल्याचे पाहतो आणि रॅचेटची पक्कड शेवटपर्यंत दाबतो. ती पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही आणि तिची किंमत त्यासाठीच मोजायची असते. मग पीन हाताने ओढून पाहतो, ती कनेक्टरच्या घरात ‘टक’ असा आवाज येईपर्यंत सारतो, पुन्हा ओढून पाहतो आणि शेवटी मागचे नट पान्याने आवळतो. साध्या पकडीने पीन चेपणारा, नट हाताने फिरवून पुढच्या पॅनेलकडे वळणारा माणूस दिवसाला दुप्पट काम उरकतो. दोघांच्या कामातला फरक बाहेरून दिसत नाही, दोन पावसाळे गेल्यावर दिसतो.

याच्या जोडीचा दुसरा प्रकार म्हणजे एका कंपनीची नर बाजू आणि दुसऱ्या कंपनीची मादी बाजू एकमेकींत बसवणे. पॅनेलला कारखान्यातून आलेले कनेक्टर एका बनावटीचे असतात, ठेकेदाराने बाजारातून आणलेली पिशवी दुसऱ्याच बनावटीची असते, आणि दोन्हींवर ‘एमसी-४ कम्पॅटिबल’ असे छापलेले असते. ते एकमेकांत बसतात, ‘टक’ही वाजते. पण पिनेवरचा मुलामा, स्प्रिंगचा दाब, रबरी रिंगचे माप, प्लॅस्टिकचे प्रसरण हे सगळे एकत्र तपासले गेलेले नसते. कनेक्टरचे आयईसी ६२८५२ हे आंतरराष्ट्रीय मानक जोडीची चाचणी घेते ती एकाच उत्पादकाच्या जोडीची. त्यामुळे पॅनेलच्या ओळीच्या दोन टोकांना लागणारे कनेक्टर पॅनेलवरच्याच बनावटीचे आणावेत, हा हट्ट धरण्यासारखा आहे. सहा पॅनेलच्या घरगुती संचात असे चारच कनेक्टर लागतात, दोन वर आणि इन्व्हर्टरच्या बनावटीप्रमाणे दोन खाली. त्यावर वाचणारी रक्कम सांगण्यासारखीही नसते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पॅनेल चढवून झाली आहेत, पण इन्व्हर्टर यायचा आहे किंवा नेट मीटरची वाट पाहणे चालू आहे, अशा दिवसांत कनेक्टर टोप्यांविना लोंबकळत ठेवले जातात. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, असा एक आठवडाही जाऊ देऊ नये. या टोप्या बाजारात मिळतात आणि त्या नसतील, तर निदान प्लॅस्टिक गुंडाळून तोंडे खाली करून ती बांधावीत.

सांधे जितके कमी तितके बरे, हे तत्त्व ऑस्ट्रेलियाने फार महागात शिकून घेतले. तिथल्या नियमानुसार प्रत्येक छतावर, पॅनेलच्या शेजारीच, डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडणारा स्विच, बसवणे सक्तीचे होते. हेतू सुरक्षिततेचाच होता. पण उन्हापावसात उघडे पडलेले हे स्विच पाणी शिरून जळू लागले आणि सौर संचांच्या आगींमागचे एक ठळक कारण ठरले. शेवटी तिथल्या सौर जोडणीच्या मानकाच्या २०२१ च्या आवृत्तीत ही सक्ती काढण्यात आली. आपल्याकडे डीसी बॉक्स बहुधा इन्व्हर्टरजवळ, सावलीत असतो, ते चांगलेच आहे. पण त्यातला एमसीबी डीसीसाठीचा आहे का, हे उघडून पाहावे, कारण घरगुती एसी एमसीबी दिसायला तसाच असतो आणि स्वस्त मिळतो. काही डीसी एमसीबींवर धन-ऋण खुणा असतात. त्यांच्यातले चुंबक आर्कला ठरावीक दिशेने फेकून विझवते, तारा उलट जोडल्या तर तोच आर्क आत ओढला जातो आणि पाडायला गेलेला एमसीबी हातातच पेटतो. घरच्या एक-दोन स्ट्रिंगच्या संचात स्ट्रिंग-फ्यूजची गरजही नसते. तीन किंवा अधिक स्ट्रिंग समांतर जोडल्या, म्हणजे बिघडलेल्या एका स्ट्रिंगमध्ये बाकीच्यांचा मिळून २८ अँपिअर प्रवाह उलटा घुसू शकतो, तेव्हा मात्र फ्यूज अनिवार्य होतो. तोही पीव्हीसाठीच्या, म्हणजे सौर पॅनेलसाठीच्या, प्रकारचा हवा.

केबलविषयी फार लिहिण्यासारखे नाही, फक्त ती सौर केबलच हवी, आयएस १७२९३ या भारतीय मानकाची. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ५ ओहम असतो. दहा पॅनेलची स्ट्रिंग ३० मीटरवरच्या इन्व्हर्टरला जोडली, तर जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये ४ व्होल्ट पडतात आणि साधारण एक टक्का शक्ती जाते. तेवढे चालण्यासारखे आहे. धन आणि ऋण तारा एकमेकींना चिकटून न्याव्यात, एक गच्चीच्या या कडेने आणि दुसरी त्या कडेने असे करू नये, कारण त्यांच्यामधल्या वळशाचे क्षेत्रफळ जितके मोठे तितका जवळपास पडलेल्या विजेचा झटका इन्व्हर्टरपर्यंत जास्त पोचतो. वळवाच्या पावसात इन्व्हर्टर गेले की सगळा दोष अर्थिंगला दिला जातो. या वळशाकडे कोणी पाहत नाही.

आता ओळीत किती पॅनेल जोडायची, हा प्रश्न. इथे गणित चुकले तर कनेक्टर कितीही उत्तम असून उपयोग नाही. समजा, इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६०० व्होल्ट आहे. चिठ्ठीवरच्या ४९.८ ला १२ ने गुणले की ५९७.६ येतात, म्हणजे बारा पॅनेल अगदी बसली असे वाटते. पण तो आकडा २५ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. तापमान एका अंशाने उतरले की व्होल्टेज सुमारे ०.२७ टक्क्याने चढते. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. पाच अंशच धरले तरी प्रत्येक पॅनेलचे ५२.५ व्होल्ट होतात आणि बारांचे ६३०. भल्या पहाटेच्या अंधूक उजेडात व्होल्टेज थोडे कमी असते हे खरे, पण कोवळे ऊन पडताच ते झपाट्याने चढते, आणि काच तापायला मात्र वेळ लागतो. त्यात त्या घटकेला इन्व्हर्टर अजून सुरूही झालेला नसतो, म्हणून पूर्ण उघडे व्होल्टेज त्याच्या इनपुटवर बसते. मर्यादा ओलांडल्याची नोंद इन्व्हर्टरच्या स्मृतीत राहते आणि हमी तिथेच संपते. म्हणून निफाडला अकरा पॅनेल, ५७७ व्होल्ट, आणि त्यावर समाधान मानायचे.

चंद्रपूरला प्रश्न उलटा. मे महिन्यात हवा ४५ अंशांच्या पुढे असते आणि पॅनेलमधले सेल ७० अंशांपर्यंत जातात. सर्वाधिक शक्तीचे व्होल्टेज अंशामागे साधारण ०.३५ टक्क्याने घसरते, म्हणजे ४१.८ चे ३५ होतात. सहा पॅनेलच्या ओळीचे २५१ व्होल्ट २११ वर येतात. तेवढे बहुतेक घरगुती इन्व्हर्टरांना पुरते, पण तीन-चार पॅनेलचा छोटा संच मोठ्या इन्व्हर्टरला जोडला असेल, तर भर दुपारी तो त्याच्या कामाच्या पट्ट्याबाहेर घसरू शकतो. प्रवाहाचीही एक बाब आहे. जुना इन्व्हर्टर १२.५ अँपिअरपर्यंतच प्रवाह घेत असेल, तर १३.१६ अँपिअरच्या नव्या पॅनेलमधला वरचा भाग तो घेणार नाही. यात थोडे उत्पादन बुडते, दुसरे काही नाही. पण त्याच्या माहितीपत्रकात शॉर्ट सर्किट प्रवाहाची जी वेगळी मर्यादा लिहिलेली असते, ती ओलांडलेली चालत नाही.

इन्व्हर्टरच्या आत शिरल्यावर पॅनेलला पहिला भेटतो तो कपॅसिटर, आणि माझ्या मते सगळ्या जोडणीचा खरा आधार तोच. ग्रिडचे, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याचे, २३० व्होल्ट एसी म्हणजे शिखराला ३२५, आणि ग्रिड दहा टक्के वर गेले तर ३५८. एवढ्याच्या विरुद्ध वीज ग्रिडमध्ये ढकलायची तर आतला डीसी ३८०-४०० व्होल्ट हवा, म्हणून पॅनेलच्या २११ ते २५१ व्होल्टना आधी बूस्ट कन्व्हर्टर वर उचलतो. पुढची अडचण अशी की, सिंगल फेजमध्ये ग्रिडला जाणारी शक्ती सेकंदाला १०० वेळा शून्य ते दुप्पट अशी हेलकावते, आणि पॅनेलकडून येणारी शक्ती मात्र सरळ, स्थिर असते. हा फरक कपॅसिटरने पोटात घ्यायचा असतो. ३ किलोवॉट, ४०० व्होल्ट आणि २० व्होल्टचा चढउतार धरला, तर सुमारे १,२०० मायक्रोफॅरड लागतात. कपॅसिटर म्हातारा झाला की हा हेलकावा मागे पॅनेलपर्यंत पोचतो आणि पॅनेल सर्वाधिक शक्तीच्या बिंदूभोवती झुलू लागते. झुलण्याचा आवाका त्या व्होल्टेजच्या ८.५ टक्क्यांवर गेला की दोन टक्के शक्ती बुडाली असे समजावे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. पश्चिमेच्या भिंतीवर, उघड्या उन्हात टांगलेले इन्व्हर्टर मी पाहतो तेव्हा मला त्यातले कपॅसिटरच दिसतात. वर पत्र्याचे एक छप्पर घातले तरी काम होते.

शेतातल्या सौरपंपात याच जोडणीचे वेगळे रूप दिसते. ढग आला की पंप बंद पडतो आणि ढग गेल्यावरही कितीतरी वेळ सुरू होत नाही, ही तक्रार शेतकऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. ऊन कमी झाले तर पाणी कमी यावे, पण पंप बंद का पडावा? याचे कारण असे की कंट्रोलर मोटारीचा वेग टिकवू पाहतो. पॅनेलचे व्होल्टेज उतरले की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी तो जास्त प्रवाह ओढतो, जास्त प्रवाह ओढल्यावर व्होल्टेज आणखी उतरते, आणि पॅनेल तर शॉर्ट सर्किट प्रवाहापलीकडे एक अँपिअरही देऊ शकत नाही. झऱ्याला पाणी नसताना मोठी मोटार लावली तर विहीर कोरडी पडते, पाणी वाढत नाही, तसेच हे. काही क्षणांत डीसी व्होल्टेज कोसळते आणि कंट्रोलर ट्रिप होतो. चांगला कंट्रोलर व्होल्टेज घसरू लागल्याबरोबर फ्रीक्वेन्सी, आणि तिच्यासोबत मोटारीचा वेग, खाली आणतो. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते, त्यामुळे ५० वरून ४० हर्ट्झवर आले की निम्म्या शक्तीत भागते आणि ओळ कोसळत नाही. त्याच वेळी पाणी चढवण्याची उंची मात्र ६४ टक्क्यांवर येते, म्हणून खोल बोअरमध्ये मोटार फिरताना दिसली तरी पाइपातून काही येत नाही. अशा वेळी कंट्रोलर बदलून उपयोग नसतो. पॅनेल आणि खोली यांचा मेळच मुळात बसलेला नसतो.

पावसाळ्यातल्या एका नेहमीच्या तक्रारीपाशी थांबतो. सकाळी सातला इन्व्हर्टरवर ‘आयसोलेशन फॉल्ट’ दिसतो, अकराच्या सुमारास तो जातो आणि घरचे म्हणतात की आपोआप ठीक झाले. ट्रान्सफॉर्मर नसलेला इन्व्हर्टर रोज सुरू होण्यापूर्वी पॅनेलची बाजू जमिनीपासून नीट वेगळी आहे का, हे मोजतो. कुठे तरी केबल पत्र्याच्या धारेवर घासली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरले असेल, तर ओल असेपर्यंत तो नकार देतो आणि वाळल्यावर कबूल होतो. संदेश पुसून टाकण्याऐवजी जागा शोधावी, आणि ती मल्टिमीटरने शोधता येते. इन्व्हर्टरपासून स्ट्रिंग सोडवून, डीसीची सवय असलेल्या माणसाकडून आणि ओल असतानाच, धन टोक ते अर्थिंग आणि ऋण टोक ते अर्थिंग अशी दोन व्होल्टेज मोजून घ्यावीत. संच ठीक असेल तर दोन्ही आकडे शून्याकडे घसरत जातात. दहा पॅनेलच्या ओळीत धन बाजूला २९९ आणि ऋण बाजूला १९९ असे स्थिर आकडे आले, तर १९९ ला ४९.८ ने भागायचे. उत्तर चार येते, म्हणजे ऋण टोकाकडून चौथ्या आणि पाचव्या पॅनेलच्या मधला सांधा किंवा तिथली केबल दोषी. सगळ्या गच्चीऐवजी एकाच ठिकाणी गुडघ्यावर बसायचे.

या मोजमापासाठी मूळचे आकडे हाताशी असतील तर काम फार सोपे होते. संच ताब्यात घेताना ठेकेदाराकडून प्रत्येक स्ट्रिंगचे उघडे व्होल्टेज, शॉर्ट सर्किट प्रवाह आणि इन्सुलेशनचा रोध लिहून घ्यावा. आयईसी ६२४४६-१ प्रमाणे ५०० व्होल्टपर्यंतच्या संचाला ५०० व्होल्टने आणि त्यावरच्याला १,००० व्होल्टने मेगर करतात, म्हणजे हा इन्सुलेशनचा रोध मोजतात, आणि किमान १ मेगाओहम यावे लागते. सोबत मोजण्याची तारीख, वेळ आणि पॅनेलच्या पाठीचे तापमान हवे, कारण त्याशिवाय व्होल्टेजच्या आकड्याला अर्थ नाही. कोणत्या बनावटीचे कनेक्टर वापरले आहेत तेही त्यातच लिहावे. हा कागद डीसी बॉक्सच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा, म्हणजे पुढे येणाऱ्या वायरमनला तो मागावा लागत नाही.